बटण दाबलं, पण ऐकलं कुणी?

लॅपटॉप समोर असेल तर कीबोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे बघा. तिथे 'एफएन' लिहिलेलं एक बटण असेल. ते एकटं दाबलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण ते धरून वरच्या रांगेतलं एखादं बटण दाबलं की स्क्रीन उजळते, आवाज बंद होतो, वायफाय जातं. हे इतकं अंगवळणी पडलंय की यामागे काही इतिहास असेल असं मनातही येत नाही.

पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी लॅपटॉपवर लिनक्स टाकलं होतं त्यांना विचारा. अक्षरं उमटायची, माउस हलायचा, इंटरनेटही नशिबानं चालायचं. पण आवाजाचं बटण दाबल्यावर स्क्रीनवर काही दिसायचं नाही. आणि कंपनीनं मोठ्या कौतुकानं बसवलेलं ते खास निळं बटण तर नुसतं शोभेचं व्हायचं. दाबत बसा, ऐकणारं कुणी नाही.

अशी बटणं चालती करण्यासाठी लोकांनी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. तोशिबासाठी एफएनएफएक्स होता, ॲपलच्या पॉवरबुकसाठी पीबीबटन्सडी होता आणि आयबीएमच्या थिंकपॅडसाठी टीपीबी होता. टीपीबी म्हणजे 'थिंकपॅड बटन्स'. आजचा लेख या शेवटच्या प्रोग्रॅमबद्दल आहे. तो कसा चालायचा, 'पॅकेज' होऊन लोकांपर्यंत कसा पोचायचा, आणि व्यवस्थित चालत असूनही त्याला पुन्हा पुन्हा अपडेट का करावं लागायचं?

तुम्ही म्हणाल, इतका बारीक विषय कशाला? मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन करते. आमच्या विषयात शोध लावणाऱ्यांवर कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय. लावलेला शोध रोज चालता ठेवणाऱ्यांवर त्या मानानं फारच कमी. शिवाय या बारीक विषयात एक मोठा प्रश्न दडलाय: तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावरचं बटण चालेल की नाही, हे ठरवतं कोण?

बटण दाबल्यावर निरोप कुठे जातो?

आधी थोडी यंत्राची ओळख करून घेऊ. लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज आणखी एक छोटा प्रोसेसर असतो. त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. कीबोर्ड, बॅटरी, पंखा यांच्यावर नजर ठेवणं हे त्याचं काम. तुम्ही एखादं अक्षराचं बटण दाबता तेव्हा हा कंट्रोलर त्या बटणाचा एक आकडा तयार करून ऑपरेटिंग सिस्टिमकडे पाठवतो. मग त्या आकड्याचं अक्षर होतं.

एफएनच्या जोड्यांचं मात्र वेगळं. त्यातल्या बऱ्याच जोड्या हा कंट्रोलर आणि त्याच्या सोबतीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच कायमचं भरलेलं सॉफ्टवेअर, आपापसातच मिटवून टाकायचे. जुन्या वाड्यातला कारभारी कसा, बारीकसारीक कामं परस्पर उरकून टाकायचा, मालकाला पत्ताही नसायचा. तसंच. जुन्या थिंकपॅडवर तुम्ही आवाज वाढवलात तर फर्मवेअर स्वतःच आवाज वाढवायचं. ऑपरेटिंग सिस्टिमला काही विचारायचं नाही, सांगायचंही नाही.

यात फायदा होता. मशीनवर डॉस असो, विंडोज असो की आणखी काही, बटण चालायचंच. पण तोटाही होता. ऑपरेटिंग सिस्टिमला बदल कळत नसल्यामुळे ती स्क्रीनवर काही दाखवू शकत नव्हती. आणि ज्या बटणांना फर्मवेअरनं स्वतःहून काही करायचंच नव्हतं, उदाहरणार्थ ते निळं 'ॲक्सेस आयबीएम' बटण, ती तर पूर्णपणे सॉफ्टवेअरवर अवलंबून होती. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम असायचा, त्याला आतल्या खुणा ठाऊक असायच्या. बाकीच्यांनी काय करायचं?

घड्याळाच्या बाजूची छोटी वही

थिंकपॅड १९९२मध्ये बाजारात आला. नाव आलं आयबीएमच्या 'थिंक' या जुन्या घोषवाक्यावरून. ते छापलेल्या छोट्या वह्या कंपनीतले लोक खिशात बाळगायचे. काळा चौकोनी साचा जर्मन डिझायनर रिखार्ड झापर यांच्या कल्पनेतला, आणि मधोमध लाल टोपीचा ट्रॅकपॉइंट. लिनक्सवाल्यांमध्ये हा लॅपटॉप फार लाडका झाला. त्याची एक कारणमीमांसा सोपी आहे. आयबीएम आपल्या लॅपटॉपांची दुरुस्ती-पुस्तिका सगळ्यांना मोकळेपणानं वाचायला देत असे. कुठला स्क्रू कुठे, कुठला भाग कसा काढायचा, सगळं त्यात. ज्याला यंत्र उघडून बघायची खोड आहे त्याला आणखी काय हवं?

त्याच्या कीबोर्डवर खास बटणांची रेलचेल होती. एफएन आणि होम दाबलं की प्रकाश वाढायचा, एफएन आणि एंड दाबलं की कमी व्हायचा. एफएन आणि पेज-अप दाबलं की झाकणाच्या वरच्या कडेतला छोटा दिवा कीबोर्डवर उजेड पाडायचा. त्याला थिंकलाइट म्हणायचे. एफएन आणि एफ४ म्हणजे झोप, एफएन आणि एफ१२ म्हणजे गाढ झोप.

आता गंमत इथे आहे. आयबीएमनं १९८१मध्ये पहिला पीसी काढला तेव्हा मशीनमध्ये काय काय बसवलंय हे सांगायला आत छोटे छोटे स्विच असायचे. १९८४च्या पीसी-एटीमध्ये त्याऐवजी मोटोरोलाची एक घड्याळाची चिप आली. तिला बॅटरी होती, म्हणजे मशीन बंद असतानाही वेळ चालू राहायची. त्या चिपमध्ये ६४ बाइट जागा होती. १४ घड्याळानं घेतल्या, उरलेल्या ५० मशीनच्या सेटिंगसाठी. पुढे ही जागा वाढली, पण कल्पना तीच राहिली: वीज गेली तरी पुसली न जाणारी एक छोटीशी वही. तिला एनव्हीरॅम म्हणतात.

थिंकपॅडचं फर्मवेअर या वहीत नोंदी ठेवायचं. आवाज सध्या किती, म्यूट आहे का, प्रकाशाची पातळी कुठली, थिंकलाइट चालू की बंद. काही बटणांसाठी तर एकेक बिट राखलेला होता: बटण दाबलं की शून्याचा एक आणि एकाचा शून्य. म्हणजे कारभारी मालकाला सांगत नसला तरी वहीत लिहून ठेवत होता.

लिनक्समध्ये ही वही वाचायची सोय होतीच. युनिक्सच्या पद्धतीप्रमाणे उपकरणंही फाइलसारखी दिसतात, आणि 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये 'एनव्हीरॅम' नावाची अशी एक फाइल होती. प्रश्न एवढाच की कुठल्या नोंदीचा अर्थ काय. हे शोधायची पद्धत साधी, पण चिकाटीची असते: सगळे बाइट वाचून ठेवायचे, एक बटण दाबायचं, पुन्हा वाचायचं आणि काय बदललं ते ताडून बघायचं. मोडी लिपीचं अनोळखी दफ्तर वाचताना एकच अक्षर दहा ठिकाणी ताडून पाहावं लागतं, तसंच हे.

टीपीबी हे करायचा: सेकंदातून अनेक वेळा ती वही उघडायची, मागच्या वेळेशी तुलना करायची, फरक दिसला की कामाला लागायचं. याला पोलिंग म्हणतात. दारावर बेल नाही, म्हणून पोस्टमन आला का हे बघायला तुम्ही सारखे पेटीपाशी जाता, तसं. फरक सापडला की टीपीबी दुसऱ्या एका लायब्ररीच्या मदतीनं स्क्रीनवर जुन्या टीव्हीसारखी मोठी अक्षरं आणि पट्टी दाखवायचा. निळ्या बटणाला कुठलं काम लावायचं ते तुम्ही एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. टर्मिनल उघड म्हणा, गाणं लाव म्हणा, तुमची मर्जी.

हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. कंपनीच्या मते ते बटण कंपनीची मदत-खिडकी उघडण्यासाठी होतं. टीपीबीनं ते बटण मालकाला परत दिलं.

पॅकेज आणि त्यातली रोजकीर्द

प्रोग्रॅम लिहिला म्हणजे तो लोकांच्या मशीनवर पोचला असं नाही. मध्ये एक माणूस लागतो. डेबियनचं उदाहरण घेऊ. इयन मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेलं हे लिनक्स वितरण आजही स्वयंसेवकांवर चालतं, आणि उबंटू त्याच्याच पायावर उभं आहे. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. मूळ प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा, मेंटेनर वेगळा. लेखक आणि प्रकाशक असतात तसं, फक्त इथे दोघांनाही मानधन नसतं.

मूळ लेखकानं नवी आवृत्ती काढली की मेंटेनर ती उतरवून घेतो. आधीच्या आवृत्तीवर त्यानं स्वतः जे बदल केले होते ते नव्या आवृत्तीवर बसतात का ते पाहतो. लोकांनी कळवलेल्या तक्रारींपैकी कुठल्या आता मिटल्या याची यादी करतो. पॅकेज बांधतो, स्वतःच्या मशीनवर बसवून बघतो, मग 'अनस्टेबल' नावाच्या विभागात पाठवतो. तिथे काही दिवस कुणाची गंभीर तक्रार आली नाही तर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं, आणि यथावकाश 'स्टेबल'मध्ये. पॅकेजच्या क्रमांकात दोन भाग असतात: आडव्या रेघेच्या आधी मूळ लेखकाची आवृत्ती, नंतर मेंटेनरची फेरी. मूळ प्रोग्रॅम जिथल्या तिथे आहे आणि रेघेनंतरचा आकडा मात्र वाढत चाललाय, असं दिसलं तर समजायचं की लेखक थांबलाय पण सांभाळणारा थांबलेला नाही.

या प्रत्येक फेरीची नोंद 'चेंजलॉग' नावाच्या फाइलमध्ये करावीच लागते. आपल्या जुन्या पेढीतल्या रोजकीर्दीसारखी: काय बदललं, का बदललं, कुठली तक्रार मिटली, कोणी केलं आणि केव्हा. शेवटच्या ओळीत तारीख आणि वेळ असते, आणि वेळेपुढे जगाच्या घड्याळापासूनचा फरकही. भारतातून कुणी नोंद केली असेल तर तिथे साडेपाच तास पुढे असं दिसतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हे सोनं आहे. मध्यरात्री दीड वाजता कुणीतरी कुणा अनोळखी माणसाच्या आवाजाच्या बटणासाठी बसलं होतं, हे त्या ओळीतून कळतं.

आणखी एक बारकावा सांगते, कारण त्यात एक नीती आहे. समजा तुम्ही टीपीबीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतःचे बदल केलेत आणि पॅकेजची नवी आवृत्ती वेगळी सेटिंग घेऊन आली. अपडेट होताना डेबियन थांबतं आणि विचारतं: तुमची फाइल ठेवू की मेंटेनरची? फरक बघायचाय का? हा प्रश्न विचारणं डेबियनच्या नियमातच आहे. तुमच्या हातचा बदल न विचारता पुसायचा नाही. आज सकाळी उठून बघावं तर फोननं रात्रीत स्वतःला अपडेट करून सगळं इकडचं तिकडे केलेलं असतं. तेव्हा हा जुना शिष्टाचार मला हमखास आठवतो.

चालतंय तर हात कशाला लावायचा?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. कीबोर्ड तोच, बटणं तीच, वही तीच. मग टीपीबीचं पॅकेज अपडेट का करायचं?

कारण प्रोग्रॅम जागेवर असला तरी खालची जमीन सरकते. डिसेंबर २००३मध्ये लिनक्स कर्नलची २.६ ही मालिका आली. त्याच सुमारास 'डेव्ह' फोल्डरमधल्या उपकरणांच्या फाइली कायमच्या तयार ठेवण्याऐवजी मशीन सुरू होताना नव्यानं तयार करणारी युडेव्ह ही व्यवस्था आली. म्हणजे कालपर्यंत असलेली 'एनव्हीरॅम' फाइल आज असेलच असं नाही, आणि असली तरी ती वाचायची परवानगी तुम्हाला असेलच असं नाही. इथे मेंटेनरला खरोखर विचार करावा लागतो. त्या वहीत मशीन सुरू होण्याच्या सेटिंगही असतात. सगळ्यांना लिहायची मुभा दिली तर धोका. वाचायलाच दिलं नाही तर टीपीबी मुका. मधला मार्ग काढायचा: बेताच्या लोकांना, फक्त वाचण्यापुरती परवानगी.

मग आवाजाची व्यवस्था बदलली. जुनी ओएसएस मागे पडली, अल्सा आली. डेस्कटॉप बदलले, केडीईमध्ये कमायलो नावाचा भाग आला आणि तोही तीच वही वाचायला लागला. ३२ बिटी मशीनच्या जोडीला ६४ बिटी मशीन आली, त्यांच्यासाठी पॅकेज नव्यानं बांधायचं. यातल्या कुठल्याही बदलात नवं कौतुक काही नाही. बटण काल चालत होतं तसं उद्या चालावं, एवढंच. घरात रोज केर काढल्यावर जे दिसतं तेच यातही दिसतं: काहीच नाही. आणि न काढल्यास आठवड्यात कळतं.

२००७ साली एक वेगळीच अडचण पुढे आली. त्या वर्षी लिनक्सच्या २.६.२१ आवृत्तीत प्रोसेसरला रिकाम्या वेळी अधिक काळ शांत झोपू देण्याची सोय झाली, आणि पाठोपाठ इंटेलनं पॉवरटॉप नावाचं साधन काढलं. कुठला प्रोग्रॅम प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो, हे ते दाखवायचं. आता सारखी पेटी उघडून बघणारे सगळे प्रोग्रॅम उघडे पडले. बटणाची वाट बघत राहणारा प्रोग्रॅम बॅटरी खातो, हे लोकांना आकड्यांत दिसायला लागलं. टीपीबीची मूळ युक्तीच आता प्रश्नात आली होती.

काम एक मजला खाली जातं

यावर उपाय आधीच आकार घेत होता. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६मध्ये एसीपीआय हे मानक जाहीर केलं होतं. मशीनची झोप, बॅटरी, तापमान, बटणं यांबद्दल फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे हे नियम. थोडक्यात, दारावर बेल बसवण्याची सोय.

बोरिस्लाव दियानोव यांनी थिंकपॅडसाठी आयबीएम-एसीपीआय हा ड्रायव्हर लिहिला आणि २००४च्या अखेरीस तो लिनक्सच्या २.६.१० आवृत्तीत आला. पुढे त्याची जबाबदारी ब्राझीलच्या एनरिक द मोराएस होल्शू यांनी घेतली. मे २००५मध्ये आयबीएमचा लॅपटॉपचा धंदा चीनच्या लेनोवोकडे गेला होता, म्हणजे नावातला 'आयबीएम' आता खोटा ठरत होता. २००७मध्ये, २.६.२२ आवृत्तीत, ड्रायव्हरचं नाव थिंकपॅड-एसीपीआय झालं. कंपनी विकली गेली, मालक बदलला, देश बदलला. बटणांची काळजी वाहणारे मात्र तेच राहिले.

आता बटण दाबलं की ड्रायव्हर ते साध्या कीबोर्डच्या बटणासारखं पुढे पाठवू लागला. पण जुन्या काही मॉडेलचं फर्मवेअर सगळ्या बटणांची बेल वाजवतच नव्हतं. त्यांच्यासाठी ड्रायव्हरनं काय केलं असेल? तीच वही, तेच पोलिंग. फक्त आता ते कर्नलच्या आत, एकाच ठिकाणी, सेकंदाला साधारण १० वेळा. टीपीबीसारख्या प्रोग्रॅमांनी राबवलेली युक्ती एक मजला खाली जाऊन बसली.

त्यातही एक सापळा होता. आवाज किंवा प्रकाश फर्मवेअरनं आधीच वाढवलेला असताना ड्रायव्हरनं 'आवाज वाढवा' असा निरोप वर पाठवला, तर डेस्कटॉप तो पुन्हा वाढवणार. एकदा दाबा, दोन पायऱ्या चढा. म्हणून ड्रायव्हरच्या माहितीपत्रात बजावून सांगावं लागलं की अशा मॉडेलवर हा निरोप फक्त स्क्रीनवर दाखवण्यापुरता घ्यायचा. कोणतं काम कोणी करायचं याची वाटणी सगळ्यांनी एकसारखी मानली तरच बटण नीट चालतं.

एक उदाहरण आजच्या काळातलं देते. ऑनलाइन मीटिंगमध्ये तुम्ही मायक्रोफोन बंद करायचं बटण दाबता ना? लिनक्समध्ये त्या बटणाचा क्रमांक आहे २४८. पण स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी एक्स ही व्यवस्था १९८७च्या नियमांवर चालते. त्यात बटणाचा क्रमांक एका बाइटमध्ये बसवायचा असतो, म्हणजे कमाल २५५. लिनक्सचा क्रमांक एक्सकडे जाताना त्यात ८ मिळवले जातात. २४८ आणि ८ झाले २५६. एकानं हुकलं! मग काय, अनेक थिंकपॅडवर हे बटण 'मी एफ२० आहे' असं सांगून आत शिरतं. लॅपटॉपवर एफ२० नावाचं बटण नसतंच. युडेव्हच्या यादीत त्या ओळीपुढे कुणीतरी प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलंय की खरं तर हे मायक्रोफोनचं बटण असायला हवं. १९८७मध्ये घेतलेला निर्णय तुमच्या परवाच्या मीटिंगमध्ये हजर होता.

ठरवतं कोण?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नियम कागदावर सगळ्यांसाठी खुले होते, पण मशीन बनवणारे तपासून पाहायचे मुख्यतः विंडोजवर. अमेरिकेत आयोवा राज्यात ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर केलेल्या खटल्यात कंपनीची बरीच अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यात बिल गेट्स यांचा जानेवारी १९९९चा एक ईमेल आहे. एसीपीआयवर आपण मेहनत घ्यायची आणि लिनक्सलाही ते आयतं मिळायचं, त्यापेक्षा यातले विस्तार विंडोजपुरते ठेवता येतील का, असा त्याचा आशय. या एका ईमेलवरून पुढच्या प्रत्येक बंद पडलेल्या बटणाचा दोष एकाच माणसावर टाकणं घाईचं ठरेल. पण खुल्या मानकाच्या टेबलावर बसलेल्यांच्या मनात काय चाललेलं असू शकतं, हे त्यातून दिसतं.

प्रत्यक्षात अडचण बहुतेक वेळा द्वेषाची नव्हती, दुर्लक्षाची होती. एसीपीआयमध्ये फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकतं: तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का? लिनक्स याला 'हो' म्हणतं. खोटं बोलायची हौस म्हणून नाही. 'नाही' म्हटलं तर फर्मवेअर अशा वाटेनं जातं जी कारखान्यात कुणी कधी तपासलेलीच नसते. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचं वाटेल. फॉर्मवर आपल्यासाठी रकाना नसला की आपणही जवळचा एखादा रकाना भरून पुढे जातो.

मराठीपुरतं एक उदाहरण देते, कारण तिथेही हीच साखळी आहे. 'ॲप', 'ॲलर्जी' या शब्दांतलं पहिलं अक्षर घ्या. आपण ते रोज लिहितो, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' लिहून वर चंद्र लावायचे. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून एका पद्धतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर सापडेलच असं नाही. आणि युनिकोडमध्ये जागा मिळाली म्हणजे काम संपलं असंही नाही. फॉन्टमध्ये ते अक्षर काढायचं, कीबोर्डच्या मांडणीत त्याला बटण द्यायचं, अकारविल्हे लावायच्या नियमांत त्याला बसवायचं, आणि हे सगळं पॅकेज अपडेट करून लोकांपर्यंत पोचवायचं. यातला प्रत्येक टप्पा कुणीतरी माणसानं केला म्हणून तुमच्या बोटाखाली ते अक्षर आलंय.

यश दिसत नाही, तेव्हा

टीपीबीचं पुढे काय झालं? त्याची गरज संपली. बटणांचं काम कर्नलनं घेतलं, स्क्रीनवर पट्टी दाखवायचं काम डेस्कटॉपनं घेतलं. मधल्या काळात ज्यांनी ते पॅकेज सांभाळलं त्यांच्या मेहनतीचं फळ म्हणजे आज तुम्हाला टीपीबी हे नावही माहीत नसणं.

डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकारांनी बरीच वर्षं मांडलंय की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहावा. अँड्र्यू रसेल आणि ली व्हिन्सेल यांनी २०१६च्या एका निबंधात देखभाल करणाऱ्यांना नमस्कार केला, आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. मला त्यांच्या म्हणण्यात एक भर घालावीशी वाटते. देखभालीचा इतिहास लिहिता येतो तो नोंदी उरल्या तरच. कारखान्यात दुरुस्ती करणाऱ्यांच्या, घरात निगा राखणाऱ्यांच्या नोंदी सहसा उरत नाहीत. पॅकेज सांभाळणाऱ्यांच्या उरल्या, कारण चेंजलॉग लिहिल्याशिवाय पॅकेज पुढेच जात नाही. नियमामुळे त्यांचं काम कागदावर आलं, म्हणून आज मी त्याबद्दल लिहू शकते.

यात आपल्यासाठी व्यवहाराचाही मुद्दा आहे. तुमच्यापैकी अनेकांनी पहिला लॅपटॉप जुना घेतला असेल. विद्यापीठानं काढून टाकलेला, किंवा आधीच्या विद्यार्थ्याकडून उतरत्या किमतीत. कंपनीच्या दृष्टीनं त्या मशीनचं आयुष्य कधीच संपलेलं असतं. ते चालत राहतं, कारण दुसऱ्या कुठल्या तरी देशातला कुणी स्वयंसेवक त्याच्या ड्रायव्हरकडे अजून लक्ष देतोय. तो थांबला तर मशीन एका दिवसात बंद पडत नाही. आधी एक बटण जातं. मग झोपेतून उठायला कुरकुर. मग आपण म्हणतो, जुना झाला, नवा घेऊ.

म्हणून या आठवड्यात एवढं करून बघा. तुमच्याकडे डेबियन किंवा उबंटू असेल तर 'यूएसआर', त्यात 'शेअर', त्यात 'डॉक' या फोल्डरमध्ये जा. तिथे प्रत्येक पॅकेजच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात त्याचा चेंजलॉग. रोज वापरता असं कुठलंही एक निवडा आणि मागून पुढे वाचत या. तारखा बघा, वेळा बघा, शेजारचा घड्याळाचा फरक बघा. एखाद्या ठिकाणी नाव बदललेलं दिसेल: जुना सांभाळणारा गेला, नवा आला. मधे किती महिने कुणीच नव्हतं तेही मोजा. जे सापडेल ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.